पटावरच्या एकतीस मुली

दिराच्या घरी मी वीस वर्षं स्वयंपाक केला. नवरा गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. अमरावतीच्या त्या घरात आपण मला आश्रय दिला आहे, असं माझे दीर आल्यागेल्याला सांगत. सांगताना मी केलेलं पिठलं त्यांच्या मिशीला लागलेलं असे. बेचाळिसाव्या वर्षी मी शिक्षकिणीची परीक्षा दिली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "या वयात? लोक काय म्हणतील?" लोकांचं नाव पुढे केलं इतकंच. उद्यापासून भाकऱ्या कोण थापणार, हा खरा प्रश्न होता.

नेमणूक मिळाली ती चिखली तालुक्यात, उंद्रीपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात. गावाने मुलींची शाळा मागून घेतली होती. म्हणजे पाटलांनी मागितली होती, कारण शेजारच्या गावच्या पाटलाकडे मुलांची शाळा होती. पहिल्या दिवशी ओसरीवर बसून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"वयस्कर बाई पाठवली, बरं झालं," ते पटवाऱ्याला म्हणाले. "काई भानगड नाई."

मी समोर उभी होते. बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

शाळेची खोली त्यांचीच. निम्म्या खोलीत सरकीची पोती, उरलेल्या निम्म्यात मी. आधीच्या मास्तरांचा पट पाहिला तर एकतीस मुली, आणि रोज एकतीसच्या एकतीस हजर. पोळ्यालाही हजर, दिवाळीलाही हजर! मी नावं पुकारली तेव्हा अकरा जणींनी ओ दिली. एका नावाला पुढच्या ओळीतली एक बारकी पोर उभी राहिली.

"हे तुझं नाव?"

"नाई. माह्या बहिणीचं. ते मेली ना, देवी आल्या होत्या तवा."

दोन वर्षं झाली होती. मास्तरांनी ती दोन्ही वर्षं तिची हजेरी मांडली होती.

पोरीची आई माळीण होती, नदीकाठी तिचा मळा. संध्याकाळी ती आपणहून शाळेत आली. "बाई, माह्या थोरल्या पोरीचं नाव कुठं लिवलं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या अक्षरांवर आपलं बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं आणि निघून गेली.

मी पाटलांकडे गेले. वीस नावं खोटी आहेत म्हटलं.

"बाई, तुमी काऊन तरास करून घेऊन राह्यल्या? शाळा तपासाले डिप्टीसाहेब येतीन त्या दिवशी एकतीस पोरी बसवून देतो."

आणि खरंच बसवल्या. माझ्या अकरा जणींच्या मागे आणखी वीस, भावकीतल्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या, जरीच्या परकरातल्या. एकीच्या तोंडात गुळाचा खडा. डिप्टीसाहेब पाटलांकडे पुरणपोळी खाऊन आले होते आणि त्यांचे डोळे मिटत होते. ते नावं पुकारू लागले. मेलेल्या मुलीचं नाव आलं तेव्हा पाटलांची भाची ठसक्यात म्हणाली, "हजर!"

पुढच्या ओळीतली बारकी मागे वळली आणि त्या मुलीकडे पाहतच राहिली.

तोवर मी गप्प राहायचं ठरवलं होतं, हे कबूल करते. नोकरी नवी होती.

"साहेब, ती मुलगी वारली आहे," मी म्हटलं.

"चुकून नाव राहिलं असेल, बाई."

"मग या मागच्या वीसही चुकून आल्या असतील. यांतल्या कुणालाही एक अक्षर काढायला सांगा."

साहेबांना सांगावं लागलं. पाटलांच्या भाचीने पाटी घेतली आणि तिच्यावर रांगोळीतलं कमळ काढलं. चांगलं काढलं होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, शेरेबुकात 'बाईंचा स्वभाव तापट' एवढं लिहिलं आणि टांग्यात बसले. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप.

"मले सरकी ठेवाची हाय," पाटील म्हणाले. "पाटलाची इज्जत काढून गावात राहाचं, हे कसं जमन?"

मी कुलपासमोर उभी असताना माळीण आली. "बाई, माह्या मळ्यात या. मोटेजवळ लिंबाची सावली हाय."

या बाईला मी पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करत होते, तिच्या मले-तुलेला मनात हसत होते. ती मला तुम्हीच म्हणायची. त्या दिवसापासून मीही तिला तुम्ही म्हणू लागले. तिला ते फार अवघड गेलं.

दोन वर्षं शाळा लिंबाखाली भरली. मग एका सकाळी पाटील स्वतः बांधावर येऊन उभे राहिले. मुलीला नागपूरचं स्थळ आलं होतं, मुलगा वकिलीच्या परीक्षेला बसलेला, आणि त्याला पत्र लिहिणारी बायको हवी होती.

"पोरीले लिवणं-वाचणं शिकवून द्या. रोज वाड्यावर या."

"तिला इथे पाठवा. पाटी घेऊन."

पाटलांचा चेहरा कारल्यासारखा झाला. पण जावयापुढे त्यांचा इलाज नव्हता. मुलगी आली ती गडी आणि खुर्ची घेऊन. गडी आणि खुर्ची मी परत पाठवली. ती माळिणीच्या धाकटीशेजारी मातीत बसली आणि बाराखडी तिच्याकडूनच शिकली. तिचा तिरस्कार करायची माझी पुरती तयारी होती, पण पोर हुशार निघाली, आणि लाघवी. चार महिन्यांत ती पत्र लिहू लागली.

लग्न ठरलं तसं खोलीचं कुलूप निघालं. पाटलांनी डिप्टीसाहेबांना बोलावून हार घातला आणि गावात स्त्रीशिक्षण आपण कसं आणलं यावर अर्धा तास भाषण केलं. साहेबांनी मान डोलावली. त्या वेळी पटावर एकोणीस मुली होत्या, सगळ्या जिवंत. मी मागच्या भिंतीशी बसले होते. माझं नाव कुणी घेतलं नाही, आणि घेतलं असतं तर मला अपमान वाटला असता.

मी त्या गावात चौदा वर्षं काढली. गावाबद्दल माझं मत त्या चौदा वर्षांत फारसं बदललं नाही. माळिणीची धाकटी चौथी पास झाली तेव्हा गावात कुणी साखर वाटली नाही. तिच्या आईने टोपलीभर वांगी माझ्या दारात आणून ठेवली, "पोरगी पास झाली म्हंते," एवढंच म्हणाली आणि मिरचीला पाणी द्यायला परत गेली.