पोटाशी बांधलेली अंडी

बल्बखाली तापलेल्या थर्माकोलचा वास आला, की मला इंदापूरच्या कचेरीबाहेरील तो दिवस आठवतो. सौभाग्यवतींनी लावा पक्ष्याची बारा अंडी उबवण्यासाठी बल्ब लावलेल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवली होती आणि आजारी आईला भेटण्यासाठी त्या सांगवीस गेल्या होत्या. सतराव्या दिवशी, अंडी फुटून पिल्ले निघण्याच्या ऐन वेळी, आमच्या गावचा विजेचा डीपी जळाला आणि पेटीतला बल्ब विझला. फोनवर त्या एवढेच म्हणाल्या, “अंडी गार पडली तर मला त्वांड दावू नका.” घरी थांबणे अशक्य होते, कारण एका आजीबाईंच्या वारसनोंदीवरील हरकतीची मुदत त्याच दिवशी संपत होती. मी अंडी कापसात गुंडाळून उपरण्याने पोटाशी बांधली व कचेरीबाहेरील माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलाशी जाऊन बसलो. पहिली ओळ लिहिण्यास वाकतो, तोच सदऱ्यातून चिवचिव झाली. आजीबाई दचकल्या. “आवं भाऊसाहेब, तुमच्या प्वाटात काय वरडतंय?” आणखी वाकलो असतो तर पिल्ले चिरडली असती. ज्याच्या अक्षराची मी ‘कोंबडीचे पाय’ म्हणून आयुष्यभर चारचौघांत टिंगल केली, त्या शेजारच्या अर्जनवीसाकडे मी लेखणी दिली. तो म्हणाला, “माझं कोंबडीचं पाय चालत्याल का?” “चालतील. लिहा,” असे म्हणून मी ताठ बसून मजकूर सांगू लागलो. अर्ज मुदतीत दाखल झाला, तेव्हा सात पिल्ले माझ्या उबेत वळवळत होती. आता परसात लाव्यांची खुराडी आहेत. पाहुण्यांना ती दाखवताना सौभाग्यवती म्हणतात, “पयली ह्यांनीच उबवली की,” आणि सदर विधान सत्य असल्याचे मी प्रतिज्ञापूर्वक मान्य करतो.