वाळलेला रंग काढून देता का?

लोक म्हणतात, सायकलच्या दुकानात भंगार फार साचतं. खरं आहे. पण भंगारवाला येतो आणि ते घेऊन जातो. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही!

धाड गावात बस स्टँडजवळ माझं दुकान. आता पंक्चरची गिऱ्हाइकं कमी झाली, ज्याच्या त्याच्या बुडाखाली मोटारसायकल. तरी "वाळलेला रंग काढून देता का?" म्हणत कोणी ना कोणी येतंच. तोंड पाडूनच येतो. रंग लावताना मला विचारलेलं नसतं ना!

*

पोळ्याच्या सकाळी तुकारामभाऊ बैलाची शिंगं रंगवत होते. शेजारी नवीकोरी हिरवी सायकल. बैलानं मान झटकली आणि सायकलवर लाल शिंतोडे! वाळल्यावर भाऊंनी विळा घेतला आणि बसले खरवडत.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. पाहतो तर जागोजागी लोखंड उघडं.

"भाऊ, डाग तर सारे गेले!"

"हाव ना बाप्पा. पण हिरवा कुठी गेला, थे पाय ना!"

काय पाहणार? कंपनीचा कलर एकदा गेला की गेला. खरं तर काम सोपं असतं. डागावर खोबरेल तेल चोळायचं, दम धरायचा, मग प्लास्टिकच्या पट्टीनं हळूच उचलायचा. पण दमच तर कोणाकडे नसतो. ती सायकल पुढच्या पावसाळ्यात गंजून गेली. फार देखणी होती हो.

*

ही तेलाची युक्ती मीच वानखडेला सांगितली होती. वानखडे माझा शाळेतला दोस्त. जयंतीला त्यानं घर निळं केलं, आणि मुक्कामी आलेल्या जावयाच्या गिअरच्या सायकलवर निळे थेंब पडले. जावई उठायच्या आत यानं तेल घेतलं. फ्रेमला चोळलं, मडगार्डला चोळलं, आणि हौसेनं दोन्ही रिमांनासुद्धा!

जावई उतारावर निघाला. ब्रेक दाबतोय, दाबतोय, तेलकट रिमवर रबर घसरतंय, सायकल कुठली थांबते! थेट रसवंतीच्या बाकड्यात.

"मी तं त्याले खूश कराले गेलो न बे!" वानखडे अजून हळहळतो. लागलं फार नाही, पण जावई तेव्हापासून एसटीनं येतो.

*

इलेक्शनमध्ये एका कार्यकर्त्यानं स्वतःच्या सायकलच्या दांडीवर साहेबांचं चिन्ह रंगवून घेतलं. साहेब पडले. निकालाच्या संध्याकाळीच हा हजर, "काका, पुसा लवकर, लोक हासून राह्यले!"

अर्धं चिन्ह निघालं आणि त्याचा मोबाइल वाजला.

"काका, थांबा थांबा! साहेब फेरमोजणी मागून राह्यले!"

फेरमोजणी काही झाली नाही. तो पुन्हा आलाही नाही. अर्धं चिन्ह घेऊन फिरतो बिचारा.

*

राजू आणि संजू, सख्खे भाऊ. दोघांत एक सायकल, चेनकव्हरवर पेंटरनं झोकात लिहिलेलं, 'राजू-संजू'. वाटण्या झाल्या, सायकल संजूकडे आली. म्हणाला, "राजू काढून टाका. खाली खूणसुद्धा नाही राह्यली पाह्यजे."

मी जीव लावून काढलं. खालचा कलर जसाच्या तसा चमकत होता, मलाच कौतुक वाटलं.

पुढे दोघांचा समेट झाला. दोघं मिळून दुकानात आले. संजू चेनकव्हरवर बोट फिरवत म्हणाला, "थे नाव पुन्हा वर नाही येत का हो?"

पेंटर तर केव्हाच गाव सोडून गेला होता. राजूच म्हणाला, "जाऊ दे ना बे. तुले मालूम हाय न, झालं." फार वाईट वाटलं त्या दिवशी.

*

आणि हे भास्करराव. जवळच्या खेड्यातले शेतकरी, बोलणं कमी. एका बाजारच्या दिवशी लेडीज सायकल घेऊन आले, काळी कुळकुळीत.

"खाली गुलाबी हाय. पोरीची व्हती. तिचं लग्न लावून देलं, मंग पोऱ्याले होईन म्हणून मीच काळा मारला."

"मग चालवली का त्यानं?"

"हातसुद्धा नाही लावला. लेडीज हाय म्हणे! तवापासून गोठ्यात पडेल हाय."

सीटवरची धूळ झटकत म्हणाले, "पोरगी वापस आली. तथी सासरी काही धड नव्हतं. दहावीले बसतो म्हणते आता. क्लासले जायाले सायकल पाह्यजे. पहिल्यासारखी करून दे भाऊ. जशी व्हती तशीच."

त्यांनी खालचा कलर न घासताच वरून काळा मारला होता, तेच बरं झालं. तेल मुरल्यावर पापुद्रे सुटायला लागले. दांडीवरचं फूलसुद्धा शाबूत निघालं! भास्करराव बाकड्यावरून हलले नाहीत. प्रत्येक पापुद्र्याला विचारत, "निघतो ना? सारा निघतो ना?"

पुढच्या बाजाराला ते पोरीला, निकिताला, घेऊन आले. सायकल गुलाबी, चकचकीत. भास्कररावांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"पाय बरं निकी, पहिल्यासारखी झाली का नाही!"

ती बसली. स्टँडपर्यंत गेली, वळली, परत येऊन उतरली. दोन्ही गुडघे हँडलला लागत होते.

"छान झाली बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "काका, सीट तेवढी वर घ्या. तवा मी लहान व्हती."