आखाजीचे मांडे आणि माझा अंगठा

लेक लग्न होऊन सुरतला गेली, तेव्हा तिचा जुना मोबाईल मला देऊन गेली. चार माणसांत बोलायचा मला लहानपणापासून संकोच. फोनवर तर जास्तच, कारण पलीकडे तिच्या सासरची माणसं बसलेली असतात. आवाज भरून पाठवला तरी तो सगळ्या घराला ऐकू जातो. म्हणून मी लिहायला लागले. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षरं जुळवता जुळवता गोडी लागली.

शेळीने दिराचा टॉवेल कसा खाल्ला, जावेने वरणात मीठ दोनदा कसं घातलं, सगळं मी लिहायची. डाव्या हाताने भाजी हलवायची, उजव्या हातात मोबाईल, त्याचं सगळं ओझं करंगळीवर आणि अंगठा आपला चालू. लेक कळवायची, तिची सासू माझे मेसेज मोठ्याने वाचून घेते आणि पोट धरून हसते. मला लाज वाटायची. तरी पुढचा मेसेज मी आणखी लांब लिहायची.

उन्हाळा लागला तसा अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. सकाळी अंगठा आखडलेला असायचा, मनगटापर्यंत कळ जायची, करंगळीला मुंग्या यायच्या. नवरा म्हणाला, भाकरी थापून झालं असेल. सासूबाईंना नजर वाटली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळं घर इतकं खोकलं की नजर नव्हती हे सगळ्यांनीच मान्य केलं. मग मोहाचं तेल चोळून झालं.

शेवटी जावेने माझा हात ओढून घेतला आणि करंगळी वळवून पाहिली. आतल्या बाजूला खळगा पडला होता. तिने मोबाईल आणून त्यात टेकवला, तर तो बरोबर बसला.

"बैलनी मानवर घट्टा पडस," ती म्हणाली, "तसा तुन्हा बोटवर पडना शे."

शहाद्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त बैलाचं नाव घेतलं नाही. अंगठ्याला आराम द्या म्हणाले आणि मनगटाला पट्टा दिला.

आराम कुठला? आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. सणाला लेक माहेरी येणार होती आणि तिची सासू पहिल्यांदाच सोबत येणार होती. माझ्या हातचे मांडे खायला. लेकीने तिकडे सांगून ठेवलं होतं की आईच्या मांड्यातून पलीकडचं दिसतं.

मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला कणकेचा गोळा हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत मोठा करायचा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. सासूबाईंचे हात आता थरथरतात. जावेचा मांडा खापरापर्यंत पोचतच नाही. राहिले मी. मांडे बिघडले असते तर लेक सासूपुढे खोटी पडली असती.

विहीणबाई आल्या त्या हसतच आल्या. सुरतेत राहिल्या तरी त्यांच्या घरी आमचीच अहिराणी. मेसेज लिहिणारी ती हीच का, असं त्यांनी लेकीला दोनदा विचारलं. प्रवास कसा झाला, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. त्या बोलत होत्या आणि मी हं, हं करत होते. त्यांचं तोंड जरा उतरलेलं दिसलं.

सणाच्या सकाळी पट्टा काढून मी चुलीपुढे बसले. पहिला मांडा हातावर फिरवला आणि कळ अशी आली की तो मधोमध फाटून पुरण मांडीवर पडलं. दुसरा खापरावर गोळा झाला. विहीणबाई दाराशी पाटावर बसून बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, तव्यावर लाटून करा, आम्ही सुरतला तशीच पोळी खातो. त्या चांगल्या मनाने म्हणाल्या, पण लेकीचा चेहरा बघवेना.

मी गोळा उचलून लेकीच्या हातावर ठेवला. हाताने दाखवणं आता शक्य नव्हतं. तोंडानेच सांगावं लागणार होतं.

"बोटे मिटी ले. मनगट सैल सोड. त्याले वढू नको, तो आपोआप उतरस."

एकदा सुरू झाले ती थांबेचना. लेकीचा पहिला मांडा जाडजूड झाला. मी म्हणाले, "हाई मांडा शे का गोधडी?" सासूबाईंना हसताना ठसका लागला. दुसऱ्याला भोक पडलं, तेव्हा मी विचारलं, जवाईबापूंना यातून डोकं बाहेर काढायला लावणार का? जाव चुलीत फुंकर मारायची विसरली. तिसरा मांडा मात्र लेकीच्या कोपरापर्यंत गेला आणि एकही घडी न पडता खापरावर बसला. पलीकडचं काही दिसत नव्हतं, पण मांडा अखंड होता.

विहीणबाई मांड्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आते सापडनी मन्ही मेसेजवाली," त्या म्हणाल्या. बांगड्या वर सरकवून त्या परातीपुढे येऊन बसल्या. "मले बी शिकाडा ईहीनबाई. पन हासू नका."

त्यांचा मांडा कोपरावरून घसरला आणि थेट पाटावर पडला. मी हसले, त्याही हसल्या. लेकीने त्यांच्यापुढे दुसरा गोळा ठेवला. आमरस कधीचा तयार होता. बाहेरून नवऱ्याने विचारलं, ताटं कधी वाढणार?

आतून मीच ओरडून सांगितलं, थांबा जरा, विहीणबाई शिकताहेत.