आई इहिरीवर गेलीय

एका हाळीत कळप वळवणारा गडी म्हणून लोणीच्या शिवारात दादाभाऊचं नाव होतं. निदान तो स्वतः तरी तसं सांगायचा. दिवाळी झाली की थोरला भाऊ जानकू आणि आई गजराबाई मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, दादाभाऊ मागं राहून वावर बघायचा. २००२ सालच्या थंडीत त्याच्या चार वर्षांच्या पोरीनं, सारिकानं, त्याची ही सगळी ऐट एका दिवसात उतरवली.

झालं असं, की ओतूरकडची त्याची सासू ओट्यावरून पडली आणि पाय मोडून बसली. निरोप भल्या सकाळीच आला. दादाभाऊची बायको रोहिणी हिनं पिशवी भरली आणि झोपलेल्या सारिकाला उठवायला ती खाली वाकली. दादाभाऊनंच तिला अडवलं.

"उठवू नगंस. रडंल उगी. मी हाय न्हवं?"

"अवो, तिला समदं रोजच्यावानी लागतं."

"एवढीशी पोर ती. तिला काय कळतंय?"

पोरीला काय काय कळतं, ते दादाभाऊला तासाभरात कळलं.

"आप्पा, आई कुटं हाय?"

"इहिरीवर गेलीय."

सारिका तशीच अनवाणी विहिरीकडं पळाली. दादाभाऊ मागं धावला, काठापासून तिला उचलून घरी आणलं. मग त्यानं दुसरी थाप मारली, "दळणाला गेलीय."

सारिकानं कोपऱ्यात बोट दाखवलं. "दळणाचा डबा तर हितंच हाय."

आपण थापाही नीट मारू शकत नाही, हे दादाभाऊच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यानं दूध दिलं ते पेल्यात. तिला वाटीत लागायचं, भाकरी कुस्करून. पेला चुलीपाशी सांडला. त्यानं वेणी घातली ती दावं वळल्यासारखी. पोर बालवाडीला गेलीच नाही. शेवटी त्यानं आपल्या धंद्यातली अक्कल काढली. आईवेगळं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावतात, तशी त्यानं सारिका शेजारच्या अश्विनीवहिनींकडं नेऊन सोडली. तिनं असा गळा काढला, की वहिनी तिला कडेवर घेऊन लगेच परत आल्या.

"भावजी, पोर हाय ही. कोकरू न्हाई."

दिवस कलला तेव्हा सारिका उंबऱ्यात बसली होती. रडणं संपलं होतं. रस्त्याकडं बघत तिनं हळूच विचारलं, "आप्पा, आई मेली का?"

दादाभाऊ तिच्याशेजारी उंबऱ्यात बसला. दिवसभरात त्यानं जे जे लपवलं, त्याच्या जागी पोरीनं हे आणून ठेवलं होतं.

"न्हाई गं बाय. आजी पडली, तिचा पाय मोडलाय. तिला बघाय आई गेलीय. तू झोपली व्हतीस, मीच म्हणलं उठवू नगं."

"कदी येनार?"

'उद्या' हा शब्द त्याच्या जिभेवर आलाच होता. तो त्यानं गिळला. "मला बी म्हाईत न्हाई. चल, कुंडलिकभाऊच्या दुकानातनं फोन लावून तिलाच इचारू."

फोनवर सारिका नुसता आईचा आवाज ऐकत राहिली. आजी चालायला लागली की येते, असं आईनं सांगितलं. वाटेत दादाभाऊ म्हणाला, "रोज सांजच्याला फोन करायचा. आन् उद्या सकाळी आई काय काय करती ते तू सांग. मला न्हाई येत."

मग काय! दुसऱ्या दिवशी पोरगी मुकादम झाली. आधी चूळ, मग कोंबड्या सोडायच्या, मग वाटीतलं दूध. "रिबीन लाल! आप्पा, लाल म्हंजी ही!" कळपाचा मालक मुकाट्यानं हुकूम पाळत होता. बालवाडीच्या बाईंनी वेण्या पाहून विचारलं, "कोणी घातल्या गं?" "आप्पांनी," सारिका ऐटीत म्हणाली. बाईंनी तोंडाला पदर लावला.

पुढं काही बदलायचं असलं की दादाभाऊ आदल्या सांजेलाच सांगून ठेवायचा. उद्या म्हशीचं दूध न्हाई, शेळीचं हाय. परवा बालवाडीत मी न्हाई, वहिनी सोडत्यात. सारिका कुरकुरायची, पण उंबरा धरून बसायची नाही.

सासू काठी धरून चालायला लागली आणि रोहिणी परतली. सारिका तिला दिवसभर चिकटून होती. पण सकाळी वेणी घालताना तिनं मान हिसडली.

"अशी न्हाई! आप्पा घालत्यात तशी!"

दादाभाऊची छाती फुगली. तेवढ्यात त्यानं बायकोचा चेहरा पाहिला. रोहिणीचे डोळे भरले होते. फुगलेली छाती त्यानं गुपचूप खाली बसवली.

"सारिका, आता आई आलीय. वेण्या आईच घालनार."

"आज?"

खरंच की. हे त्यानं आदल्या सांजेला सांगायला हवं होतं. शिकवणी पुरी झाली असं समजून गडी निर्धास्त राहिला होता.

"बरं, तूच सांग कसं करायचं."

सारिकानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "एक तुमी घाला, एक आई."

त्या थंडीत लोणीच्या बालवाडीत एक पोरगी यायची. डावी वेणी चापून-चोपून बसवलेली, उजवी दाव्यासारखी. डेअरीवर दूध घालताना तिथला दूध मोजणारा भिमाजी नुसता सारिकाकडं बघायला लागला, की कोणी काही विचारायच्या आत दादाभाऊच सांगून मोकळा व्हायचा, "उजवी माझी हाय राव."