विलायतेच्या वजिराचा मेव्हणा

निजामाच्या राज्यात आपल्या सरकारविरुद्ध छापलेलं काही जवळ सापडलं तर थेट तुरुंग. विलायतेची थट्टा मात्र चालून जायची. म्हणून मी, शाळामास्तर, उदगीरला धान्याच्या आडतीवर दर बाजारच्या दिवशी एक साप्ताहिक मोठ्यानं वाचून दाखवायचो. ते सोलापूरहून कापडाच्या गठ्ठ्यात यायचं आणि लंडनच्या वजिरांची लफडी उकरून त्यांची टर उडवायचं.

त्या दिवशीची बातमी अशी, की एका वजिरानं फौजेच्या बुटांचा ठेका मेव्हण्याला दिला आणि बूट पहिल्याच चिखलात उसवले. सगळे हसून लोळायला लागले. कारण आमच्या जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या हरामखोर तालुकदारानं शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेलं लेव्हीचं धान्य वाहायचा ठेका आपल्या मेव्हण्यालाच दिला होता, आणि निम्मं धान्य वाटेतच गायब होत होतं.

तेवढ्यात पोलिसांचा अमीन दारात उभा. "काय हसून राहिले?"

"विलायतेची बातमी हाय, साहेब," आडत्या म्हणाला.

"मास्तर, मलाबी ऐकवा."

मी पुन्हा वाचलं. संपलं तसा अमीन मांडीवर थाप मारून हसला. "अरे, हे तर हुबेहूब आपले तालुकदारसाहेब!" अन् एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला.

त्याचं हसणं खरं होतं की जाळं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आडत्यानं हात जोडले. "न्हाई साहेब, आपल्याकडं असलं कुठं होतंय?"

आम्ही सगळ्यांनी जोरजोरात माना डोलावल्या. मीही, हातात तो अंक धरून.