कॅमेऱ्याचं कपाळ

गणितात एम.एस्सी. झालेली मी लग्न होऊन झरीला आले आणि वर्तुळं फक्त भाकरीची काढत राहिले. म्हणून पुण्याच्या एका ऑनलाइन शिकवणीनं "शनिवारी चारला शिकवून दाखवा, पटलं तर नोकरी" असं कळवलं, तेव्हा माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आमचे हे खूश झाले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला लय जड गेलं. सासूचं मन नसेल तर नोकरी मिळून काय चाटायची?

ह्यांच्या कापडाच्या दुकानातला जुना कंप्युटर घरी आला. नवा कॅमेरा ह्यांनी परभणीहून आणला. वस्तू मुठीत मावेल एवढी आणि माहितीपत्रक उलगडता उलगडता पलंगभर झालं. जगातल्या सगळ्या भाषा त्यात होत्या, मराठी तेवढी नव्हती. पहिली सूचना काय, तर वापरण्याआधी सूचना वाचा. अगं बाई, मग मी काय पोथी वाचायले होते? पुढं एक चित्र: वायर, बाण आणि हसणारा माणूस. बाणापासून त्या हसण्यापर्यंत कसं पोचायचं, ते कुठंच छापलेलं नव्हतं.

"त्यात काय एवढं," म्हणत हे शनिवारी सकाळी मांडी घालून बसले. आमच्याकडं नवी वस्तू विभूती लावल्याशिवाय चालू करत नाहीत. सासूबाई ओल्या बोटांवर विभूती घेऊन आल्या.

"ह्याचं कपाळ कुठं हाय रे?"

"तिथंच, मधी, माय," हे पत्रकातून डोकं वर न काढता म्हणाले.

कॅमेरा सुरू केला तर पडद्यावर धुकं. भर वैशाखात, झरीला! धुक्यात कुणीतरी बाई होती, ती मीच असणार. ह्यांनी मागच्या भोकातली वायर पुढच्या भोकात घातली, कंप्युटर बंद करून चालू केला, मग दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, ड्रायव्हर टाका." टाकला. धुकं जागचं हललं नाही.

"तुझाच चेहरा तसा येत असंल," हे म्हणाले.

"आवो, चार वाजायलेत, तोंड सांभाळा!" मी ओरडले. खरं म्हणजे मला रडू यायलं होतं.

चारला पुण्याचे एक सर आणि एक मॅडम पडद्यावर आले. मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम आहे का?" म्हटलं, आवाज येतोय ना, तेवढ्यावर बघा. अपूर्णांक काढले. आधी पडद्यावरच्या धुक्याकडंच लक्ष जात होतं. मग एका भाकरीचे वाटे करता करता पुण्याला विसरूनच गेले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. यंत्र नीट चालत नाही म्हणजे सकाळची विभूती पावली नाही, हे त्यांनी ओळखलं. ताजी घेऊन त्या सरळ आत आल्या. हे मागून "माय, माय" करत राहिले. ताजी लावायची तर आधी जुनी पुसायची, हा घरचा नेम. त्यांनी पदरानं कॅमेरा खसाखसा पुसला आणि पडदा लख्ख झाला. पुढं सासूबाईंचं पट्टे ओढलेलं कपाळ, मागं माझं उघडं तोंड. आमच्या घरात मिक्सरपासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांवर पट्टे आहेत, त्यामुळं कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचे कुणाला दिसलेच नव्हते. पत्रकात तशी सूचना नव्हती.

मी त्यांचा हात धरला. "आत्याबाई, आता नका लावू."

त्या थांबल्या, पण तिथून हलल्या नाहीत. पडद्यातल्या दोघांना निरखून बघायला लागल्या. मनात म्हटलं, झालं, गेली नोकरी.

"मी दारातून समदं ऐकलं," त्या पुण्याला म्हणाल्या. "मला निस्ता अंगठा उठवता येतो, तरी अर्धं कळलं. घ्या हिला. भाकरीचं मी बघते."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "पुढं शिकवा." शिकवलं, पण मधीच एकदा नाक ओढलं. तेही त्यांना ऐकू गेलं असणार.

नोकरी लागली. भाकरीचं तेव्हापासून सासूबाईच बघतात. लय जाड थापतात, कडा कच्च्या राहतात. मी एक शब्द बोलत नाही.