पिल्लाचं बाळसं

नव्वदच्या दशकात आमच्या हुबळीच्या घरी गल्लीतल्या कुत्रीचं एक पिल्लू आलं आणि आई त्याच्या पोटाच्या प्रेमात पडली. पाय काटकुळे, पोट मात्र टम्म! "बाळसं धरलंय बघ की," ती म्हणायची. दूधभातावर साजूक तूप असायचं. आम्हा भावंडांचे एवढे लाड कधी झाले नाहीत. अप्पा तर कोप्पीकर रोडवरच्या आमच्या कापडदुकानात गिऱ्हाइकांना त्या पोटाचं वर्णन ऐकवायचे.

एके दिवशी पिल्लानं दूधभाताकडे पाठ फिरवली आणि ते कोपऱ्यात पडून राहिलं. आईनं लगेच ठरवलं, दृष्ट लागली. दूधवाल्या अक्कानं "एष्ट छंद ऐति होट्टी!" म्हणत पोटाचं कौतुक केलं होतं ना! मग मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. ठसका आम्हाला लागला, पिल्लू तसंच. संध्याकाळी ते ओकलं. ओकारीत शेवयांसारखे जंत वळवळत होते. शेजाऱ्यांनी नेलेलं त्याचं भावंड असंच फुगलेल्या पोटानं मेलं होतं. मला रडूच फुटलं.

आम्ही त्याला पिशवीत घालून रिक्षानं गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "होट्टी तुंब हुळ अदावरी." पोटभर जंत! आईचा चेहरा पडला.

"माझ्याच हातचं खातंय हो ते," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. जंत दूधभातानं होत नाहीत अक्का, म्हणाले, पिल्लं ते आईच्या पोटातूनच घेऊन येतात, तिच्या दुधातूनही. त्यांनी पिल्लाला तोललं, वजनाच्या मापानं पातळ औषध पाजलं. पंधरवड्यानं पुन्हा द्या, घाण लगेच उचला, मोठं झाल्यावरही औषध चुकवू नका, असं बजावलं. आईनं हे सगळं परीक्षा असल्यासारखं पाठ केलं.

जंत पडले आणि पोट उतरलं. बाळसं कसलं नि काय, नुसत्या फासळ्या! पण ते हडकुळं ध्यान वाटी चाटायला लागलं तेव्हा आई पदरात तोंड खुपसून रडली. इतका आनंद त्या घरात मी फार थोड्या वेळा पाहिला.

मग तिनं अप्पांना पुन्हा दवाखान्यात पिटाळलं आणि एक मोठी गोळी मागवली. फाटकाबाहेर पिल्लाची आई, ती गल्लीतली कुत्री बसली होती. एरवी आई तिला हाकलायची. त्या दिवशी गोळी पेढ्यात दाबून तिच्यासमोर उकिडवी बसली.

"खा ग बाई," आई म्हणाली. "तुला कुणी वेळेवर औषध दिलं असतं, तर तुझं ते दुसरं पिल्लूही जगलं असतं."